पावसाच्या अंदाजालाही बियाण्याच्या पिशवीसारखं लेबल लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी एप्रिलच्या मध्यावर, यंदा पाऊस सरासरीच्या किती टक्के पडेल याचा एक आकडा आपल्या पहिल्या पानावर येतो. कधी ९७ टक्के, कधी १०५ टक्के, कधी नुसतंच 'एल निनोचं सावट'. त्या दिवशी सकाळी नऊच्या आत माझ्या दुकानाच्या कट्ट्यावर चार-पाच जण येऊन बसलेले असतात. औसा तालुक्यातल्या एका बाजारगावात १९९९ पासून माझं कृषी सेवा केंद्र आहे. "भाऊ, पेपरवाले काय म्हनायलेत?" एवढाच त्यांचा प्रश्न असतो. मी बातमी मोठ्यानं वाचतो आणि वर दोन शब्द माझे टाकतो. त्यावर कोण किती सोयाबीन पेरणार, कोण तूर वाढवणार, कोण पोरीचं लग्न उन्हाळ्यातच उरकणार आणि कोण दिवाळीनंतर ठेवणार, हे ठरतं. मीसुद्धा त्याच आठवड्यात बियाण्याची मागणी नोंदवतो, आगाऊ पैसे भरतो. म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण कृपया जागा द्यावी.

२०१८ सालच्या एप्रिलमधला आकडा ९७ होता. मी कट्ट्यावर सांगितलं, पाऊस सरासरीएवढा आहे, बिनघोर पेरा. पाऊस पुरणार असेल तर उशिरा येणाऱ्या वाणाचा उतारा चांगला पडतो, म्हणून एकशे पाच-दहा दिवसांचं बियाणं जास्त मागवलं आणि विकलं. मृगात पेरण्या झाल्या. ऑगस्टात मधे बरा पाऊस झाला आणि मग सप्टेंबर कोरडा गेला. गणपतीच्या दिवसांत एक गिऱ्हाईक आलं, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा माणूस, मी त्यांना मामा म्हणतो. त्यांनी सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटून आणलं होतं. काउंटरवर ठेवलं. शेंगा भरपूर लागलेल्या. त्यांनी एक शेंग नखानं उकलली. आत दाणा तांदळाच्या कणीएवढा, चपटा, हिरवा. ते काहीच बोलले नाहीत. ती उकललेली शेंग तिथंच ठेवून निघून गेले. हंगामाच्या शेवटी देशाचा आकडा ९१ लागला आणि ऑक्टोबर संपता संपता सरकारनं राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला.

त्या ९७ च्या पुढे 'अधिक-उणे ५' असं लिहिलेलं होतं, हे मला नंतर कळलं. म्हणजे तो आकडा ९२ ते १०२ असा होता, तोही अख्ख्या देशाच्या चार महिन्यांचा. औशाचा नव्हता, सप्टेंबरचा तर नव्हताच. मी तो औशाचा म्हणून सांगितला. ही चूक माझी. पण बातमी जशी छापून येते तशी वाचली, तर कुणीही हेच करील.

माझी लेक पुण्याच्या विद्यापीठात वातावरणशास्त्रात एम.एस्सी. झाली. त्या दिवाळीला ती घरी आली तेव्हा मी तिला विचारलं, हे आकडे काढतात तरी कशातनं? ती मला गोठ्यापुढच्या हौदापाशी घेऊन गेली. बारा फुटांचा सिमेंटचा हौद, काठोकाठ भरलेला. तिनं पाण्यावर मूठभर भुसा टाकला आणि एका टोकाला उभी राहून सुपानं वारा घालायला लागली. भुसा सरकत सरकत पलीकडच्या टोकाला जाऊन जमला. "पप्पा, हात घाला." दिवसभराच्या उन्हानं वरचं पाणी कोमट होतं, कोपरापर्यंत हात गेला की गार. मग तिनं सूप खाली ठेवलं. भुसा हळूहळू परत पसरत अलीकडे आला.

"हा हौद म्हणजे पॅसिफिक महासागर," ती म्हणाली.

विषुववृत्तावर पॅसिफिकमध्ये वारे बाराही महिने पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते वरचं तापलेलं पाणी ढकलत इंडोनेशियाच्या बाजूला नेऊन ठेवतात. तिथं समुद्राची पातळी दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापेक्षा साधारण अर्धा मीटर उंच असते. गरम पाण्याचा थर तिथं दीडशे मीटरहून खोल, तर पेरू देशाच्या बाजूला पन्नास मीटरच्या आसपास, आणि त्याखाली लगेच गार पाणी. जिथं पाणी गरम तिथं ढग उठतात. वारे मंदावले की हे गरम पाणी पूर्वेकडे सरकतं, ढगांचं बिऱ्हाडही त्याच्यामागं जातं आणि आपल्या बाजूची हवा वर चढायची ती खाली बसायला लागते, म्हणून आपल्याकडे पाऊस घटू शकतो. पेरूच्या कोळ्यांनी नाताळाच्या सुमारास येणाऱ्या या गरम पाण्याला बाळ येशूचं नाव दिलं, तोच एल निनो. माझे वडील १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेले, सरकारनं दिलेली मिलो ज्वारी खाऊन त्यांनी वर्ष काढलं. त्या साली पॅसिफिकमध्ये मोठा एल निनो होता. वडिलांना हे नाव शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

अंदाज बांधता येतो तो समुद्राला आठवण असते म्हणून. हवा आठ-दहा दिवसांत मागचं विसरते. समुद्र महिनोन् महिने उष्णता धरून ठेवतो. पश्चिमेकडून निघालेली गरम पाण्याची लाट पृष्ठभागाखालून विषुववृत्ताच्या कडेनं पॅसिफिक ओलांडायला दोन-तीन महिने घेते. ती वाटेत असतानाच पकडता आली तर पुढचं सांगता येतं. त्यासाठी पॅसिफिकमध्ये विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना मोजमापं घेणारे तरंगक नांगरून ठेवलेले आहेत. जगभरच्या समुद्रांत चार हजारांच्या आसपास आर्गो नावाची नळकांडी फिरत असतात. ती दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारतात, दर दहा दिवसांनी वर येतात आणि पाण्याचं तापमान, खारटपणा उपग्रहाला कळवतात. हिंदी महासागरातल्या आपल्या नळकांड्यांचं काम हैदराबादची इन्कॉइस ही सरकारी समुद्रविज्ञान संस्था बघते. औशाहून रात्री गाडीत बसलं तर सकाळी हैदराबाद. इतक्या जवळ आपल्या पावसाचा हिशोब ठेवला जातो आणि आमच्या कट्ट्यावर त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही.

मग तिनं माझ्या बिलबुकाची पाठ घेतली आणि चौकोन आखले. मॉडेल म्हणजे समुद्राचे आणि हवेचे असे चौकोनी ठोकळे. केंद्र सरकारच्या 'मान्सून मिशन' प्रकल्पात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेनं २०१२ पासून जे मॉडेल घडवलं, त्याचं मूळ अमेरिकेचं. त्यात विषुववृत्तापाशी समुद्राचा ठोकळा पाव अंशाचा, म्हणजे साधारण २८ किलोमीटरचा आहे आणि खोलीत ४० थर आहेत. प्रत्येक ठोकळ्यात तापमान, खारटपणा, प्रवाह भरायचा. शेजारच्या ठोकळ्याला किती उष्णता दिली, किती घेतली, वाऱ्यानं किती ढकललं, उन्हानं किती तापवलं, याचा हिशोब मांडून घड्याळ थोडं पुढं सरकवायचं. पुन्हा हिशोब, पुन्हा पुढं. असं करत करत महासंगणकावर सप्टेंबरपर्यंत जायचं. समुद्र आणि हवा अशी संगणकात एकत्र जोडण्याचं काम स्युकुरो मानाबे आणि कर्क ब्रायन यांनी १९६९ मध्ये केलं. मानाबेंना त्यांच्या हवामानाच्या मॉडेलांच्या कामाबद्दल २०२१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. एल निनोचा असा अंदाज अमेरिकेच्या मार्क केन आणि स्टीफन झेबियाक यांनी १९८६ मध्ये पहिल्यांदा दिला आणि तो आला.

हवेचा ठोकळा ३८ किलोमीटरचा. मी तिथंच गुणाकार केला. लातूर जिल्ह्याचं क्षेत्रफळ ७,१५७ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे सगळ्या जिल्ह्याला हंगामी मॉडेलमध्ये जेमतेम पाच चौकोन. औसा, निलंगा, उदगीर, अहमदपूर, सगळं त्या पाचात. आमच्याकडे एका शिवारात पाणी वाहतं आणि बांधापलीकडे धूळ उडते. पावसाचा ढग त्या चौकोनात मावून वर जागा उरते, म्हणून मॉडेल तो प्रत्यक्ष काढतच नाही, सूत्रानं अंदाजे बसवतं. चौकोन बारीक केले की हिशोब कितीतरी पटीनं वाढतो. पुण्यात २०१८ ला 'प्रत्युष' आणि २०२४ ला 'अर्क' हे महासंगणक आले ते त्यासाठीच.

आणि आता माझ्या धंद्याशी जुळणारी गोष्ट. मॉडेल एकदाच चालवत नाहीत. समुद्राची सुरुवातीची स्थिती केसभर इकडंतिकडं करून तेच मॉडेल पुन्हा पुन्हा चालवतात. काही वेळा पाऊस चांगला येतो, काही वेळा कमी. किती वेळा काय आलं ती शक्यता. हे ऐकल्यावर मी म्हणालो, अगं ही तर उगवण चाचणी! आम्ही शेतकऱ्याला काय सांगतो? पेरणीआधी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे ओळीनं मांडा, गुंडाळा, आठवड्यानं उघडून मोजा. सत्तर उगवले तर बियाणं चालेल. साठच उगवले तर एकरी प्रमाण वाढवा. एक दाणा उगवेल का नाही हे कुणीच सांगू शकत नाही, शंभरात किती ते सांगता येतं आणि तेवढ्यावर अख्खं रान पेरता येतं.

सोयाबीनच्या पिशवीला लेबल असल्याशिवाय मी ती विकू शकत नाही. त्यावर लॉट नंबर लागतो, चाचणीची तारीख लागते, वैधता लागते आणि उगवणशक्ती किमान ७० टक्के असं छापलेलं लागतं. लेबल नसलेली पिशवी काउंटरवर सापडली तर माझा परवाना जाईल. पावसाचा अंदाज मात्र आपल्या पानावर लेबलाशिवाय येतो.

तारखेचंच बघा. एप्रिलमध्ये जाहीर होणारा अंदाज साधारण फेब्रुवारी-मार्चच्या समुद्रावरून काढलेला असतो. नेमके मार्च ते मे हे महिने पॅसिफिकच्या दृष्टीनं सगळ्यात फसवे. तेव्हा पूर्व-पश्चिम तापमानातला फरक सर्वांत कमी असतो, वारा आणि पाणी यांची एकमेकांवरची पकड ढिली झालेली असते, बारीकसा धक्काही पुढच्या चार महिन्यांची दिशा बदलतो. जगातलं कुठलंही मॉडेल या दिवसांतून पलीकडचं बघताना अडखळतं. २०१४ च्या मार्चमध्ये गरम पाण्याची केवढी मोठी लाट पूर्वेकडे निघाली होती. मोठा एल निनो येणार म्हणून जगभर बोललं गेलं. लाट पोचली, पण वाऱ्यांनी साथ दिली नाही आणि त्या वर्षी तो मोठा एल निनो झालाच नाही. पाऊस मात्र देशात ८८ टक्केच झाला. मे महिन्याच्या शेवटी जो सुधारित अंदाज येतो तो हा अवघड पट्टा बऱ्यापैकी ओलांडून आलेला असतो, त्याला जास्त किंमत आहे. आपल्याकडे मात्र एप्रिलचा अंदाज पहिल्या पानावर आणि मे अखेरचा आतल्या पानावर दोन परिच्छेदांत.

२०१५ साली हेच झालं. एप्रिलमध्ये हवामान खात्यानं ९३ टक्के सांगितलं होतं. २ जूनला तो आकडा ८८ वर आणला. एल निनो जोर धरत होता, मॉडेल ते स्पष्ट दाखवत होतं. हंगाम संपला तेव्हा देशाचा पाऊस ८६ टक्के होता. इतकं जवळ! पण २ जूनला आमच्याकडे बियाणं घराघरांत पोचलेलं असतं आणि सगळ्यांचं लक्ष आभाळाकडे असतं. मी तो सुधारित आकडा वाचला आणि कट्ट्यावर सांगितलाही नाही. आदल्या साली एल निनो येणार म्हणून बोंब झाली आणि नीट आला नाही, मग आता कशाला लोकांना घाबरवायचं, असं मला वाटलं. पुढच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आणावं लागलं. मांजरा धरणाचा तळ उघडा पडला होता. त्या वर्षी मॉडेल बरोबर होतं आणि आम्ही ऐकलं नाही. २०१८ ला आकड्यावर आंधळा विश्वास ठेवला. मला विचाराल तर २०१५ ची चूक जास्त मोठी.

अजून एक गोष्ट बातमीत कधी येत नाही. एल निनो आला म्हणजे दुष्काळ आलाच, असं नाही. १९९७ चा एल निनो गेल्या शतकातल्या सगळ्यात जोरदारांपैकी, तरीही त्या वर्षी देशात पाऊस सरासरीच्या थोडा वरच झाला. हिंदी महासागराचा स्वतःचा डाव असतो. आफ्रिकेकडची बाजू गरम आणि इंडोनेशियाकडची गार झाली की आपल्याला सहसा फायदा होतो. उलटं झालं तर सहसा तोटा. जपानमधल्या शास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये त्याला द्विध्रुव असं नाव दिलं. पुण्यात जन्मलेल्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी विषुववृत्तावरच्या हिंदी महासागरात ढग कुठल्या बाजूला जमतात याकडे लक्ष वेधलं आणि १९९७ चं कोडं त्यातून बरंचसं उलगडलं. याच गाडगीळबाईंनी कर्नाटकात पावगड्याच्या भुईमूग शेतकऱ्यांबरोबर बसून पेरणीची योग्य वेळ कोणती याचा अभ्यास केला होता. २०२५ मध्ये त्या गेल्या. अशी माणसं कट्ट्यावर यायला हवी होती असं मला फार वाटतं. आणि 'सहसा' हा शब्दही छापा, कारण त्याच २०२५ मध्ये द्विध्रुव आपल्या विरुद्ध असताना सप्टेंबरात मराठवाड्यात नद्यांनी शेतांची माती वाहून नेली.

मॉडेलमध्ये खोट नाही असं माझं म्हणणं नाही. लेकीनं त्याही सांगितल्या. बहुतेक मॉडेलांत पॅसिफिकच्या मधला गार पाण्याचा जिभेसारखा पट्टा प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा जास्त गार आणि जास्त पश्चिमेपर्यंत गेलेला निघतो. मग ढगांची जागाही चुकते. आपल्या मान्सून मिशनच्या मॉडेलचा मूळ कल भारताच्या जमिनीवर पाऊस कमी दाखवण्याकडे होता, तो हिशोबात धरून दुरुस्ती करावी लागते. सगळ्यात काळजीची गोष्ट वेगळीच. गेली चाळीसेक वर्षं पॅसिफिकची पश्चिम बाजू तापत गेली आणि पूर्व बाजू फारशी तापली नाही, उलट काही ठिकाणी गार झाली. मॉडेलं मात्र पूर्व बाजू जास्त तापेल असं दाखवत आली. हे असं का, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. आपली मुलं-नातवंडं ज्या मराठवाड्यात शेती करतील तिथला पाऊस या वादाच्या निकालाशी बांधलेला आहे. आणि हे सगळं ज्या मोजमापावर उभं आहे त्या पॅसिफिकमधल्या तरंगकांपैकी बरेच २०१२ ते २०१४ च्या दरम्यान देखभालीवाचून बंद पडले होते. महसूल मंडळातला पर्जन्यमापक बिघडला तर पीकविमा बुडतो हे आमच्या गावात लहान पोरालाही कळतं. समुद्रातला पर्जन्यमापक बिघडल्यावरही तेवढाच आरडाओरडा व्हायला हवा.

तर संपादक महोदय, आपल्याकडे एवढंच मागणं आहे. अंदाज छापताना तो कुठल्या महिन्याच्या समुद्रावरून काढला ती तारीख ठळक द्या. हवामान खातं नकाशा देतं, त्यात कुठल्या भागात सरासरीपेक्षा जास्त, सरासरीएवढा किंवा कमी पावसाची शक्यता किती ते रंगानं दाखवलेलं असतं. त्यातला मराठवाड्याचा तुकडा कापून मोठा छापा, देशाचा आकडा खाली बारीक टाका. मे अखेरच्या अंदाजाला पहिलं पान द्या. त्याच्या शेजारी परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या एखाद्या शास्त्रज्ञाला विचारून लिहा की अशी शक्यता असेल तर काय पेरावं. सोयाबीनमध्ये चारास दोन ओळी तूर घ्यावी का, पंच्याऐंशी-नव्वद दिवसांत निघणारं वाण घ्यावं का, पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पडल्याशिवाय चाड्यावर मूठ धरू नये, हे सगळं. आणि ऑक्टोबरात मागच्या एप्रिलची बातमी पुन्हा छापून तिच्याशेजारी काय झालं ते लिहा. आमच्याकडे बियाणं उगवलं नाही तर पंचनामा होतो.

गेली चार वर्षं मी दुकानाबाहेर काळा फळा लावतो. मे संपता संपता त्यावर खडूनं तारीख घालतो आणि आपल्या भागाच्या तीन शक्यता लिहितो: जास्त, सरासरी, कमी. सुरुवातीला लोक चिडायचे. "भाऊ, पडल का न्हाई ते एकदाच सांगा की!" आता काही जण त्या फळ्यासमोर उभे राहून आपसात हिशोब करतात, कोरडं राहायची शक्यता एवढी असेल तर दोन एकर तुरीला सोडू, म्हणतात. ते मामाही येतात. २०१८ चा विषय आमच्यात कधी निघत नाही. पण दर एप्रिलमध्ये आकडा छापून आला की सगळ्यात आधी तेच येतात, हातात आपला अंक गुंडाळलेला असतो, आणि काउंटरवर उघडून त्या आकड्यावर बोट ठेवून विचारतात, "ह्यो कुठला?"

आपला,
एक कृषी सेवा केंद्रचालक
ता. औसा, जि. लातूर